वेलीच्या बुंध्याशी मीठ कशासाठी?

‘थंडीतही कोणतीही वेल सात दिवसांत लावा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतो आहे. काडी मधात बुडवावी, बटाट्यात खुपसावी, उलटी लावावी म्हणजे दुप्पट मुळ्या फुटतात, गारठा लागू नये म्हणून बुंध्याशी मूठभर मीठ टाकावे आणि वेल प्लास्टिकने गच्च गुंडाळावी, असे त्यातले उपाय आहेत. दर्यापूर तालुक्यात राहणाऱ्या आमच्या वहिनींनी तो वाचून अंगणातल्या मधुमालतीला मीठ घातलेसुद्धा, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मिठाचे आधी पाहू. मिठामुळे पाणी शून्य अंशाखाली गेल्यावरच गोठते, हे खरे आहे आणि बर्फाळ देशांत रस्त्यांवर मीठ टाकतात ते त्यासाठीच. पण विदर्भातील अंगणात माती गोठते कधी? डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला तेव्हा त्या थंडीची किती चर्चा झाली होती, आणि तरी तो शून्याच्या वरच होता. उलट, मातीत मीठ वाढले की ओलावा असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात, आणि ती थंडीची बाधा समजून माणूस आणखी एक मूठ टाकतो. काळ्या मातीत तर नुकसान दुहेरी होते, कारण सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, पाण्याचा निचरा थांबतो आणि वाळल्यावर त्या मातीत कुदळ शिरत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, शेतकऱ्यांच्या पिढ्या ज्या खारेपणाशी झगडत आल्या, तोच दुकानातून विकत आणून अंगणात पेरण्याचा सल्ला तिथल्याच लोकांनी एकमेकांना पाठवावा, याला काय म्हणावे! ज्यांनी मीठ टाकले असेल त्यांनी वरची माती खरवडून दूर टाकावी आणि बुंध्याला विहिरीचे खारे नव्हे, तर नळाचे गोडे पाणी भरपूर द्यावे.

उलट्या काडीचा निकाल तर कधीच लागलेला आहे. हेरमान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळुंजाच्या फांद्यांचे तुकडे दमट हवेत काही सुलटे तर काही उलटे टांगले होते. झाडावर असताना जे टोक बुंध्याकडे होते तिथेच प्रामुख्याने मुळ्या आल्या, मग तो तुकडा कसाही टांगलेला असो. मुळ्या फुटण्यास मदत करणारे ऑक्झिन हे द्रव्य शेंड्याकडून बुंध्याकडे वाहते आणि खालच्या टोकाशी साचते, हे कारण पुढे कळले. म्हणूनच छाट कलम करताना खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा आणि वरचा काप सरळ घ्यावा, म्हणजे काड्यांचा ढीग झाला तरी टोकांची गफलत होत नाही. तीन-चार डोळ्यांची, ना कोवळी ना जून अशी काडी घेऊन निम्मे डोळे मातीत जातील इतकी ती खोचावी.

सात दिवसांचे वचन मनी प्लांटपुरते जवळपास खरे मानता येईल, कारण त्याच्या पेरांवर मुळ्यांचे कोंब आधीच असतात. मधुमालती किंवा बोगनवेल यांना काही आठवडे लागतात, आणि थंडीत त्याहून अधिक. काडीला पालवी फुटली म्हणजे ती लागली, असेही नाही. साठवलेल्या अन्नावर ती पालवते आणि मुळ्या नसल्या तर सुकून जाते. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात, तेवढा धीर धरावा किंवा सरळ पावसाळ्याची वाट पाहावी.

बटाटा मातीत कुजतो आणि काडीलाही कुजवतो. मधाने मुळ्या फुटत नाहीत. तो पोळीबरोबर खावा.

राहिले झाकणे. थंडीच्या रात्री कोवळी वेल झाकावी, हे नाइलाजाने मान्य करतो, पण गच्च प्लास्टिकने नव्हे. त्याच्या आत दव साचते, ओली पाने त्याला चिकटून कुजतात आणि विदर्भातले दुपारचे ऊन, डिसेंबरातलेही, आतली वेल उकडून काढते. बांबूच्या चार काड्या रोवून त्यांवर गोणपाट किंवा जुनी साडी पानांना न टेकेल अशी टाकावी, सकाळी ऊन येताच ती काढावी आणि दुपारीच हलके पाणी द्यावे, कारण ओलसर माती दिवसाची ऊब धरून ठेवते व रात्री सावकाश सोडते.