तण काउन्सिलचं, नोटीस मला

माझ्या अलॉटमेंटबद्दलच्या तक्रारीवर काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, परत एकदा 'केस क्लोज्ड' असा मेल आलाय आणि माझं डोकं सटकलंय. काहीही झालेलं नाहीये. कुणी फिरकलेलं नाही, कुंपणाचं भगदाड जसंच्या तसं आहे, गेटपाशी कुणीतरी टाकून गेलेल्या गाद्या पावसात भिजून फुगल्यात, पण काउन्सिलच्या सिस्टीममध्ये माझी तक्रार 'रिझॉल्व्ह' झाली म्हणे, आणि खाली विचारतायत की आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल. अरे कसली सेवा, कुणाची सेवा!

इंग्लंडातल्या मंडळींना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. अलॉटमेंट म्हणजे काउन्सिलची जमीन, तुकडे पाडून लोकांना वर्षाच्या भाड्याने भाजीपाला करायला दिलेली. पूर्ण प्लॉट १० रॉडचा, हो, अजूनही रॉडमध्येच मोजतात हे लोक, आणि आपल्या हिशोबात ते बरोब्बर अडीच गुंठे भरतात. मूळ कायदा १९०८चा. लोकांची मागणी असेल तर जागा पुरवणं हे काउन्सिलचं कर्तव्य आहे असं त्यात आहे, इनर लंडन सोडून. पण खरी मेख पुढे आहे. कुंपण, रस्ते, पाण्याचा निचरा नीट ठेवायचं म्हटलं की तोच कायदा म्हणतो काउन्सिल हे करू शकते. करायलाच पाहिजे असं कुठे नाही. झालं, या एका फटीतून आमची काउन्सिल वर्षानुवर्षं आरामात निसटतेय.

आमच्या साइटची हालत ऐका. मागचा अख्खा कोपरा, जिथे एकेकाळी लोक बटाटे कांदे काढायचे, तिथे आता ब्रॅम्बल, म्हणजे ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, माझ्या डोक्याच्याही वर गेलेली. त्यात उंदीर. त्यात कुणाचं तरी मोडकं ग्रीनहाउस, काचांसकट. पलीकडे तीन शेड कोसळलेत, त्यातल्या एकाचं छप्पर जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याचं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक, त्यामुळे त्याला कुणी हातही लावायचा नाही. या देशात अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली १९९९ साली, म्हणजे तो पत्रा कधीपासून तिथे आहे विचार करा, आणि तो तुटतोय, आणि त्याच्या शेजारून मुलं रास्पबेरी तोडत फिरतात. बाइंडवीड तर विचारूच नका, आपल्याकडच्या चांदवेलीच्याच जातीतलं, मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी परत उगवणार. आणि मेअर्स टेल! डायनासोरच्या आधीपासून ज्याचं खानदान पृथ्वीवर आहे असं ते तण, मुळं दोन-दोन मीटर खाली जातात. मी माझ्या प्लॉटमधलं उपसून उपसून कंटाळते आणि पलीकडच्या रिकाम्या प्लॉटमधून ते जमिनीखालून परत येतं. सीमा वगैरे त्याला काही माहीत नाही. ही बिनधनी जमीन कुणाची? काउन्सिलची. वेटिंग लिस्टवर लोक वर्षानुवर्षं ताटकळत बसलेत आणि प्लॉट रिकामे का? तर 'लेटेबल कंडिशन'मध्ये, म्हणजे भाड्याने देण्याजोगे, नाहीत म्हणून. मग करा ना लेटेबल! ते करायचं कुणी, तर त्यांनीच. आणि ते करत नाहीत. म्हणून रिकामे. फिरून तिथेच.

बरं, कुंपणालगतची झुडपं कापा एवढी साधी मागणी. भाडेकरारात स्वच्छ लिहिलंय की बाहेरचं हेज, म्हणजे झुडपांची रांग, आणि कुंपण काउन्सिलकडे. मार्चमध्ये विचारलं की उत्तर, आता पक्ष्यांच्या घरट्यांचा सीझन सुरू झालाय, ऑगस्टअखेरपर्यंत काही करता येणार नाही. मान्य. घरटं मोडू नये, कायदाही आहे, मलाही त्या रॉबिनचं प्रेम आहे, मी खणायला लागले की हातभर अंतरावर येऊन बसतो. सप्टेंबरमध्ये विचारलं की काँट्रॅक्टर पार्कातल्या गवताच्या शेवटच्या कापणीत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तो रस्त्यांवरची पानं गोळा करतोय. डिसेंबर ते फेब्रुवारी जमीन ओली आहे, मशीन रुतेल. आणि मग काय येतं? मार्च! परत पक्षी! म्हणजे वर्षाचा एकही आठवडा असा नाही ज्यात इंग्लंड देशात एक झुडूप कापता येतं. आपल्याकडे निदान 'सरकारी काम, सहा महिने थांब' म्हणतात, सहा महिन्यांची तरी गॅरंटी.

त्यात ही टोलवाटोलवी. अलॉटमेंट पार्क्स विभागाकडे. पण कुंपण म्हणजे प्रॉपर्टी, ते इस्टेट्सकडे. कुंपणाबाहेरची गल्ली हायवेजकडे. गल्लीतला कचरा वेस्टवाल्यांचा, पण तोच कचरा भगदाडातून एक फूट आत आला की तो पार्क्सचा. उंदीर एन्व्हायर्नमेंटल हेल्थचे. मी एकदा फोटो काढून पाठवला, गादी अर्धी आत अर्धी बाहेर, म्हटलं आता कोण उचलणार सांगा. दोन्ही विभागांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं. गंमत म्हणून सांगत नाहीये, खरंच दोन मेल आहेत माझ्याकडे. आणि अलॉटमेंट ऑफिसर म्हणून जी पोस्ट होती ती बाई रिटायर झाल्यावर भरलीच नाही, आता एक जनरल मेल आयडी आहे, त्याच्या पलीकडे माणूस आहे की मशीन आहे तेही कळायला मार्ग नाही. आधीची बाई होती तेव्हा निदान तिला प्लॉटांवरची माणसं माहीत होती, गेटचं कुलूप बिघडलं तर स्वतः येऊन बघून जायची.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरंच. इतकी वर्षं गिळतेच आहे. डोकं फिरलं ते नोटिशीने.

गेल्या महिन्यात नोटीस आली. मला! तुमच्या प्लॉटवर तण आहे, ठरलेल्या प्रमाणात लागवड दिसत नाही, अमुक दिवसांत सुधारणा करा नाहीतर भाडेकरार रद्द. कुठलं तण? तर पूर्वेच्या कडेची पट्टी. जिथे त्यांच्या रिकाम्या प्लॉटमधलं ब्रॅम्बल माझ्यात घुसलंय आणि मी दर शनिवारी हातमोजे घालून रक्तबंबाळ होत मागे ढकलतेय ती पट्टी. आणि उरलेल्या जागेत काय आहे बघायला त्यांना डोळे नाहीत का? मेथी आहे, मुळा आहे, लाल माठ आहे, वाल चढलाय, पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या बोगद्यात, दुधी आहे, ज्याचं रोप मी एप्रिलपासून खिडकीत लेकरासारखं वाढवून शेवटचं फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, पडून गेल्यावर बाहेर काढलं. मागच्या गणपतीत मंडळाच्या जेवणाला अळूवडीची पानं माझ्या प्लॉटवरून गेली होती. इंग्लंडच्या थंडीत अळू करून दाखवा म्हणावं त्या नोटीस लिहिणाऱ्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हणजे तपासणीला माणूस पाठवायला आहे यांच्याकडे, वहीत माझा प्लॉट नंबर टिपायला आहे, पण तो माणूस त्याच रस्त्याने, तेच जंगल ओलांडून, तीच गादी बाजूला सारून आत आला असणार ना? त्याचं काय लिहिलं वहीत?

आणि शेजारचे जमैकन आजोबा, खुब्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन येतात, त्यांनाही तीच नोटीस. हा माणूस तो प्लॉट मी इथे यायच्या कितीतरी आधीपासून करतोय. त्यांचा कलालू म्हणजे आपला माठच, आम्ही बिया बदलून घेतो. त्यांनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले की आता पुरे झालं, सोडून देतो. मला इतका राग आला की मला त्यांच्याशी धड बोलताही आलं नाही.

मग आम्ही म्हटलं ठीक आहे, तुमच्याकडे पैसे नाहीत, माणसं नाहीत, आम्ही करतो. फुकट. पंधरा-वीस जण आहोत, एक पोलिश गडी आहे ज्याच्याकडे स्वतःचा ट्रेलर आहे, एक गुजराती काका आहेत ज्यांना सगळी अवजारं दुरुस्त करता येतात. एक स्किप द्या फक्त, कचरा टाकायला, एवढंच मागणं. उत्तर काय, तर रिस्क असेसमेंट द्या. दिलं. मग मेथड स्टेटमेंट द्या. ते काय असतं ते शिकून दिलं. मग पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स दाखवा. तो काढायचा तर असोसिएशन लागते, असोसिएशनला घटना लागते, बँक खातं लागतं. तेही केलं, नॅशनल अलॉटमेंट सोसायटीकडून नमुने घेऊन केलं. त्यावर उत्तर आलं की साइटवर अ‍ॅस्बेस्टॉस असल्यामुळे स्वयंसेवकांना परवानगी देता येत नाही. मग अ‍ॅस्बेस्टॉस काढा! बजेट नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, दुसरं काय म्हणणार याला.

पैसे नाहीत हे मला कळतं हो. पेपर मीही वाचते. बर्मिंगहॅमने २०२३च्या सप्टेंबरमध्ये सेक्शन ११४ची नोटीस काढली, नोव्हेंबरमध्ये नॉटिंगहॅमने, म्हणजे खिसे रिकामे, नवीन खर्च बंद. म्हाताऱ्यांच्या देखभालीत आणि मुलांच्या संरक्षणात काउन्सिलांचा पैसा जातो आणि तो जायलाच हवा, त्यापुढे माझं हेज काय चीज आहे. पण मग भाडं दर वर्षी न चुकता वाढतं ते कशासाठी? रिकाम्या प्लॉटांचं भाडं बुडतं ते कुणाच्या खिशातून? फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनखाली विचारलं, म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखंच, वीस कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, की साइटवर रिकामे प्लॉट किती, लिस्टवर माणसं किती आणि गेल्या पाच वर्षांत देखभालीवर खर्च किती. बरोबर शेवटच्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या दोन्हींचे आकडे दिले नाहीत, कारण नोंद 'एकत्रित स्वरूपात' ठेवली जात नाही, आणि खर्च 'ग्राउंड्स मेंटेनन्स'च्या मोठ्या रकमेत मिसळलेला. म्हणजे किती जागा पडीक आहे हे मालकालाच मोजता येत नाही, पण माझ्या प्लॉटवर तण किती ते मात्र अचूक मोजता येतं.

नगरसेवक एकदा आला होता. निवडणुकीच्या आधी, एप्रिलमध्ये. आमच्या भोपळ्याच्या रोपांसोबत फोटो काढला, 'कम्युनिटी' हा शब्द बऱ्याचदा म्हणाला, गाद्यांपाशी कपाळाला आठ्या घातल्या. मे महिन्यात निवडून आला. आता त्याच्या सर्जरीला जावं, म्हणजे तो लायब्ररीत तासभर बसतो तिथे, तर तो म्हणतो मी ऑफिसर्सना ई-मेल केलाय. अहो मीपण ई-मेलच करतेय, फरक काय मग तुमच्यात आणि माझ्यात?

काही जणांना वाटतं हे मुद्दाम चाललंय. जागा सडू द्यायची, लोक कंटाळून सोडतील, मग 'मागणीच नाही' म्हणून बिल्डरला विकायची. मी आधी हसायचे यावर. १९२५चा कायदा आहे की स्टॅच्युटरी, म्हणजे खास अलॉटमेंटसाठीच राखलेली, जागा विकायची तर मंत्र्याची परवानगी लागते, वाटेल तसं करता येत नाही. पण २०२५च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की लेबर सरकार आल्यापासून अशा आठ जागांच्या विक्रीला परवानगी दिली गेलीये, आणि स्वतः प्लॉट करणारा जेरेमी कॉर्बिन, लेबरचा माजी नेता, त्यावर तावातावाने बोलला, तेव्हापासून हसू येत नाही. मुद्दाम असेल की नुसता आळस असेल, ब्रॅम्बल दोन्हीत सारखंच वाढतं.

तर आता ठरलंय. आजोबांना सोडू द्यायचं नाही, त्यांच्या प्लॉटची कड आम्ही वाटून घेतलीये, नोटिशीला लेखी उत्तर गेलंय, प्रत्येक तणाचा उगम कुठल्या रिकाम्या प्लॉटात आहे त्याच्या फोटोंसकट. काउन्सिलची दोन टप्प्यांची तक्रार प्रक्रिया असते, पहिल्या टप्प्याचं उत्तर 'दिलगीर आहोत' छाप आलंय, दुसरा टाकलाय, तिथेही तेच झालं तर लोकल गव्हर्न्मेंट ओम्बड्समन, म्हणजे काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा अधिकारी. आणि त्याची वाट बघत बसणार नाही. परवा शनिवारी सकाळी आम्ही सगळे कात्र्या आणि करवती घेऊन त्या मागच्या कोपऱ्यात शिरतोय, अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाजूला न जाता, घरटी आहेत का आधी बघून. अवजारं गाडीच्या डिकीत ठेवून आणा असं सगळ्यांना बजावलंय, कारण २०२५मध्ये मँचेस्टरला अलॉटमेंटवरून परतलेल्या एका माणसाला कमरेच्या खुरप्यामुळे हत्यारबंद पोलिसांनी पकडलं होतं. परवानगी नाहीये आमच्याकडे. काढा म्हणावं अजून एक नोटीस, आणि या वेळी निदान पोचवायला तरी माणूस पाठवा, त्याच्या हातात एक करवत देते मी.