पहिला क्रॉलर कोणता घ्यायचा? कट्ट्यावरचा वाद

"लाइट लागतात, हॉर्न वाजतो, सुसाट पळते. आणखी काय पाहिजे?" बाळ्यानं मोबाईल सगळ्यांपुढून फिरवला आणि वाद पेटला. पिंट्याला पहिलीच रिमोटची गाडी घ्यायची आहे, दगडावर हळूहळू चढणारी, म्हणजे क्रॉलर. पैसे साठलेत, आता फक्त नाव ठरायचं आहे.

"सुसाट पळते म्हणून क्रॉलर घेतात का रे?" ताई म्हणाली. तिच्याकडे ट्रॅक्सस कंपनीचा टीआरएक्स-४ हा क्रॉलर आहे आणि रविवारी सकाळी ताई पुण्याच्या वेताळ टेकडीवर सापडते. "माणूस चालतो तेवढा वेग पुष्कळ झाला. दगडावर त्याहून हळू. रिमोटचा ट्रिगर सोडला की गाडी चढावर जागच्या जागी उभी राहिली पाहिजे, मागे घरंगळता कामा नये. त्याला ड्रॅग ब्रेक म्हणतात. आधी तो आहे का ते बघ."

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं. दुसरी गोष्ट डिफरन्शियलची, म्हणजे अॅक्सलच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरची. साध्या गाडीचं एक चाक हवेत गेलं की त्याच्यामुळे तेच चाक नुसतं गरगरत राहतं आणि गाडी अडकते. क्रॉलरचे पुढचे-मागचे दोन्ही डिफ लॉक असतात. एका अॅक्सलची दोन्ही चाकं सारखीच फिरतात, त्यामुळे जे चाक दगडाला टेकलेलं आहे ते गाडी ओढून नेतं. बदल्यात वळायला जागा जास्त लागते. २०१७ साली आलेल्या टीआरएक्स-४ मध्ये हे लॉक रिमोटवरून लावता-काढता येतात, म्हणून ती वळतेही छान. शिवाय तिला पोर्टल अॅक्सल आहेत. चाकाच्या हबमध्येच गिअरची जोडी असल्यानं अॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि दगडाला घासत नाही.

नाना इतका वेळ चहा पीत गप्प होते. उभा जन्म ट्रान्सपोर्टमध्ये गेलेला माणूस. "पिंट्या, दगडांवर कशाला जातोस? ट्रक घे. टामिया कंपनीचा, १/१४ स्केलचा, म्हणजे खऱ्या ट्रकच्या चौदाव्या हिश्श्याएवढा. तीन गिअर, रिमोटवरून बदलायचे. मागे ट्रेलर जोड आणि रिव्हर्समध्ये लावून दाखव. ते जमलं तर तुला ड्रायव्हर म्हणेन."

"नाना, पण तो सुट्या भागांत येतो ना?"

"तेच तर! गिअरबॉक्स स्वतःच्या हातानं बसवला की बिघाड कुठे आहे ते आवाजावरून कळतं."

नानांचा हा मुद्दा मला मनापासून पटतो. जोडायला घेतलेली गाडी जितकी समजते, तितकी तयार गाडी कधीच समजत नाही. पण टामियाच्या ट्रकच्या किटमध्ये मोटर मिळते. रिमोट, त्याचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर, चाकं वळवणारा सर्व्हो, बॅटरी आणि आवाज-लाइटचं युनिट हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. आणि त्याला सपाट, स्वच्छ जमीन लागते. नानांच्या सोसायटीचं पार्किंग त्याला उत्तम. पिंट्याला मात्र कातळ चढायचा आहे.

बाळ्या हटेना. "मग स्वस्तातली चिनी डब्ल्यूपीएल घे, नाहीतर एमएनची डी-९०. एवढ्या पैशात अख्खी गाडी कोण देतं?"

कोणी देत नाही, हे कबूल. खोलून बघायला, रंगवायला, मुलांच्या हातात द्यायला त्या गाड्या चांगल्याच. पण सर्व्हो कमजोर. चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं की ते वळवायची ताकद त्याच्यात उरत नाही, आणि चढाईत खरा कस तिथेच लागतो. मग सर्व्हो बदला, मोटर बदला, गिअर धातूचे घाला. एवढं करेपर्यंत बऱ्या कंपनीच्या छोट्या क्रॉलरचे पैसे गेलेले असतात.

म्हणजे खरा वाद ताईचा आणि माझा. ती म्हणते, १/१० शिवाय घेऊच नकोस. वजन असतं, गाडी दगडावरून खऱ्यासारखी झुकत, डुलत जाते. गवत आडवं आलं तरी अडत नाही. पार्ट्स सगळीकडचे बसतात, कारण १.९ इंची चाक आणि साधारण ३१३ मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) या मापाच्या भोवतीच हा छंद वाढला आहे.

मी म्हणतो, आधी गाडी रोज कुठे चालणार ते सांग. पिंट्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, कामावरून रात्री येतो. जून ते सप्टेंबर टेकडीवर चिखल. टीआरएक्स-४ची धाकटी बहीण टीआरएक्स-४एम १/१८ ची आहे, अॅक्सिअल कंपनीची एससीएक्स २४ तर १/२४ ची. घरात चार जाड पुस्तकं आणि कुंडीतले दगड मांडले की घाट तयार. रोज अर्धा तास ट्रिगरवर बोट राहिलं की हात बसतो, आणि क्रॉलरमध्ये हात हीच निम्मी गाडी असते. या दोन्ही छोट्या गाड्यांसोबत बॅटरी आणि चार्जर येतो. टीआरएक्स-४ घेतली तर ते दोन्ही वेगळे घ्यावे लागतात, आणि मुळात ती ४एमच्या साधारण तिप्पट किमतीची.

"पण २४ ची गाडी टेकडीवरच्या गवतात बुडते," ताई म्हणाली. बुडतेच. म्हणून मी १/१८ वर अडून बसलो. बोटभर गवत, मुरूम, हाताएवढा दगड, एवढं ती पार करते.

बॅटरीवर मात्र आम्हा दोघांचं एकमत झालं. लायपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी. तिचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवायची. फुगलेली दिसली की पुन्हा चार्जिंगला लावायचीच नाही, आणि चार्जिंग चालू ठेवून झोपायचं तर मुळीच नाही. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या काही कंट्रोलरांवर बॅटरीचा प्रकार ठरवणारी छोटी काढ-घाल करायची टोपी, म्हणजे जंपर, असतो. तो 'लायपो'वर नसेल तर गाडी बॅटरी पार पिळून काढते. पिंट्यानं हे सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं, ते बघून बरं वाटलं.

"सगळं परदेशातूनच मागवतो, स्वस्त पडेल," बाळ्याचा शेवटचा डाव.

पडत नाही. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. परदेशी साइटवरची किंमत बघून हरखून जाण्यात अर्थ नाही. आणि गाडी एकदाच आणायची असते, पार्ट मात्र सारखे लागतात. पन्नास रुपयांच्या गिअरसाठी महिनाभर गाडी शोकेसमध्ये बसली की नवशिक्याचा उत्साह जातो, मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून मी पिंट्याला तिथल्या तिथे दुकानात फोन लावायला सांगितला. गाडीचं विचारू नकोस, ४एमचा सर्व्हो, ड्राइव्हशाफ्ट आणि अॅक्सलचे गिअर आज कपाटात आहेत का ते विचार. शाफ्ट आणि गिअर होते, सर्व्हो पुढच्या आठवड्यात येणार होता. "मग गाडीही पुढच्या आठवड्यात," पिंट्या म्हणाला. ताई अजून १/१० वर ठाम आहे. नानांनी मात्र विचारलं, "तिला मागे ट्रेलर लागतो का रे?"