पुस्तक वाचायला देणं वेगळं, पीडीएफ फिरवणं वेगळं

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने नव्याकोऱ्या कादंबरीची पीडीएफ टाकली. खाली धडाधड अंगठे, जोडलेले हात, "वा, मेजवानी!" मी लिहिलं, अरे, हे पुस्तक आत्ताच बाजारात आलंय, लेखिका हयात आहे, फाइल काढून टाक. तर उत्तर आलं, "अगं, ज्ञान दिल्याने वाढतं." पाठोपाठ दुसऱ्याचं, "तुला प्रकाशक कमिशन देतो का?" तेव्हापासून डोकं तापलंय.

ज्ञान दिल्याने वाढतं, मान्य. पण स्वतःचं द्या ना! दुसऱ्याच्या कष्टावर कसलं दानशूरपण?

माझी एक मैत्रीण आहे सोलापूरची. बिडी वळणाऱ्या बायकांवर तिने पुस्तक लिहिलं. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने पानं कापणं चाललेलं आणि हात न थांबवता बायका बोलायच्या. रात्री घरी येऊन ही ते सगळं उतरवून काढायची. पुस्तक आलं आणि थोड्याच दिवसांत त्याची पीडीएफ फिरायला लागली. तिलाच आली फॉरवर्ड होऊन, "जरूर वाचा" म्हणून. मी ती फाइल पाहिलीय. मोबाइलवर एकेक पान टिपलेलं, शिवणीपाशी अक्षरं वाकडी झालेली, पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का. आणि पानापानाच्या कोपऱ्यात पान दाबून धरणारा अंगठा, नखावर अर्धवट उतरलेली मेंदी. एवढी मेहनत कुणीतरी प्रेमानेच केली असणार, हे मला कळतं. म्हणूनच जास्त चीड येते.

पुस्तकाची किंमत २५० रुपये. १० टक्के मानधन धरलं तर एका प्रतीमागे तिला २५ रुपये. "मग एवढ्याशा पैशाने तिचं काय अडतंय?" असंही मला ऐकवून झालंय. अहो, अडतं ते पुढच्या पुस्तकाचं! पहिली आवृत्ती गोदामात पडून राहिली की प्रकाशक पुढच्या हस्तलिखिताला "बघू" म्हणतो, आणि त्या "बघू"चा अर्थ लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिचं दुसरं पुस्तक लिहून तयार आहे. त्याला सध्या "बघू" मिळालंय.

दिवाळी अंकांचंही तेच. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण या परंपरेचं कौतुक सांगतो, आणि अंक स्टॉलवर लागतो न लागतो तोच गठ्ठ्याने पीडीएफ पाठवतो. संपादक बिचारा जाहिरातींसाठी दारोदार फिरलेला असतो. त्याच्या तोंडावर "अंक फार सुंदर झालाय" म्हणणारे आपणच!

आम्हीही पुस्तकं एकमेकांना देतच वाढलो ना, असं म्हणाल. हो, आणि ते मला आजही फार मोलाचं वाटतं. पण माझं पुस्तक तुला दिलं की ते माझ्या कपाटात नसतं. मी तेवढे दिवस त्याच्याशिवाय राहते, परत मागते, पान दुमडलंस म्हणून भांडते. एका वेळी एकच जण वाचतो. फाइल माझ्याकडेही राहते आणि रात्रीतून शंभर घरांत जाते. ही नवी आवृत्ती काढल्यासारखंच झालं, लेखकाला न विचारता.

आता ई-पुस्तकवाल्या कंपन्यांचंही सांगते, कारण त्यांचाही राग आहेच. पैसे पूर्ण घेतात आणि हातात ठेवतात फक्त वाचायचा परवाना. २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेल या इंग्रज लेखकाची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तकं वाचायच्या त्यांच्या यंत्रातून, परस्पर काढून घेतली होती. पैसे परत केले, पण घरात शिरून कपाटातलं पुस्तक उचलून नेण्यासारखंच झालं ना ते? विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोयही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. त्यामुळे विकत घेतलेलं ई-पुस्तक कुणी बहिणीला किंवा जिवलग मैत्रिणीला वाचायला दिलं, तर मी त्याला चोर म्हणणार नाही. कायदा काय म्हणायचं ते म्हणो.

आणि फुकटच हवं असेल तर हक्काचं फुकट काय कमी आहे? आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन खुलं आहे. केतकरांचा ज्ञानकोश, मराठी विश्वकोश नेटवर आहे. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तकं मोफत देतं. हे पाठवा की, मनसोक्त पाठवा!

मैत्रिणीचं अजून एक सांगायचं राहिलं. त्या पीडीएफमधली दोन पानं गळली होती. एक दिवस तिला मंगळवेढ्याकडून एका वाचकाचा फोन आला, "मॅडम, तेवढी दोन पानं पाठवाल का?" हिने फोटो काढून पाठवली! मी तिच्यावर इतकी भडकले. तर म्हणाली, अगं, त्याच्या आईने जन्मभर बिड्या वळल्या, तिला वाचता येत नाही. हा रोज रात्री वाचून दाखवतो, मध्येच तुटलं म्हणून फोन केला.

यावर मला काही बोलता आलं नाही. त्याच्या गावात पुस्तकाचं दुकान नाही. त्या घरात ते पुस्तक पोचलं याचा तिला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर मलाही झाला.

पण त्याच्या नावावर आमच्या ग्रुपने पुण्य खाऊ नये. पुण्या-मुंबईत फ्लॅट असलेली, एका पिझ्झ्याला सहाशे रुपये देणारी माणसं आहोत आपण. पुस्तकाचं दुकान आपल्या रस्त्यावर आहे. तिथे अडीचशे रुपये जड होतात आणि मंगळवेढ्याचा गरीब वाचक आठवतो?

सकाळची फाइल अजून ग्रुपवर आहे. मी ती उघडलेली नाही. त्या कादंबरीची प्रत दुपारी जाऊन घेऊन आले. माझी वाचून झाली की ज्याला हवी त्याने कमेंटमध्ये सांगा, पोस्टाने पाठवते, खर्च माझा. वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.