खुलासा: ‘70 टक्के लसीकरण झालं, आता गर्दी सुरक्षित’?

कोरोनाकाळातला एक दावा अजून फिरतोय: ‘2021 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने 70 टक्के लसीकरण गाठलं, म्हणून मैफली-मेळावे कुठेही सुरक्षित झाले.’ हे अर्धसत्य आहे.

70 टक्के हा आकडा फक्त प्रौढांचा आणि तोही किमान एका डोसचा होता. लक्ष्य 4 जुलैचं होतं, ते गाठलं 2 ऑगस्टला. शिवाय ती देशाची सरासरी. व्हरमाँटने 14 जूनलाच 12 वर्षांवरच्या पात्र लोकांपैकी 80 टक्क्यांना पहिला डोस देऊन निर्बंध उठवले. मिसिसिपी, अलाबामा तेव्हा तळाशी होते. विषाणू सरासरी बघून थोडाच पसरतो! आणि मोठ्या कार्यक्रमाला प्रेक्षक एकाच जिल्ह्यातून येत नाहीत, त्यामुळे यजमान गावाचा आकडा चांगला असूनही भागत नाही.

मॅसॅच्युसेट्समधलं प्रॉव्हिन्सटाऊन घ्या. जुलैतल्या गर्दीनंतर तिथे राज्यातल्याच 469 जणांना लागण झाली, त्यातल्या 74 टक्क्यांचे डोस पूर्ण होते. यावरून ‘लस निकामी’ म्हणणारे मात्र घाई करतात: जिथे बहुतेकांनी लस घेतली आहे, तिथे बाधितांतही तेच जास्त दिसणार. रुग्णालयात पाचच जण गेले, मृत्यू एकही नाही.

म्हणून परवानगी देताना स्थानिक रुग्णसंख्या, येणारे कुठले आहेत आणि जागा उघडी की बंदिस्त, हे पाहावं लागतं. बंद सभागृहात हवा खेळती नसेल तर प्रवेशद्वारावर ताप मोजून फारसं काही साधत नाही. लक्षणं नसलेला माणूसही संसर्ग देतो.