प्रस्ताव पाठवायचा तरी कुठल्या योजनेत?

‘माध्यमिक शाळा वेळेत प्रस्ताव पाठवत नाहीत, म्हणून इमारतींचा निधी पडून राहतो’ हे शाळांच्या इमारतींवरच्या तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. समग्र शिक्षा अभियान या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतला बांधकामाचा पैसा सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी असतो. ठाण्यात मराठी माध्यमातून दहावी होणारी कितीतरी मुलं खाजगी अनुदानित शाळांत शिकतात. तिथे शिक्षकांचा पगार शासन देतं, इमारत मात्र संस्थेच्या गळ्यात. वेतनेतर (पगाराशिवायच्या खर्चासाठीचं) अनुदान येतं, तेही रखडत, आणि ते लाईटबिल व किरकोळ दुरुस्तीतच संपतं. त्यातून स्लॅब कसा घालणार?

कळव्यातल्या एका अनुदानित शाळेच्या पालक-शिक्षक संघात मी काम करते. प्रयोगशाळेच्या छताचे पोपडे पडून गंजलेल्या सळया दिसतात, म्हणून त्या कोपऱ्यातली बाकं हलवून दोरी बांधली आहे. कायद्याने ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे, आणि ते व्हायलाच हवं. पण अहवालात ‘तातडीने दुरुस्ती’ असं आलं, की पुढचे पैसे कुणाचे, यावर सगळे गप्प. मग आमदार निधीसाठी खेटे घालायचे, नाहीतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी (सामाजिक कामासाठीच्या त्यांच्या निधीसाठी) हात पसरायचे. कंपन्या संगणक आनंदाने देतात (फोटो चांगला येतो), गळक्या छताला कुणी हात लावत नाही. अनुदानित शाळांच्या इमारत दुरुस्तीसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद हवी. लेखात तिचा साधा उल्लेखही नाही.