आधी खून तर झाला होता का?

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मामांनी पुन्हा सुशांतसिंह राजपूतचा विषय काढला. एम्सच्या डॉक्टरांनी 2020 मध्येच खुनाची शक्यता फेटाळली, मार्च 2025 मध्ये सीबीआयने क्लोजर रिपोर्ट दिला, पण डोंबिवलीत मामांची चौकशी अजून चालूच आहे. "अगं, तुमच्या इंग्लंडमध्ये असतं ना, तर खुनी केव्हाच आत गेला असता!"

आत तर इथेही जातात, मामा. म्हणून त्यांना सॅली क्लार्कची हकिकत सांगितली. ही बाई वकील. 1996 मध्ये तिचा पहिला मुलगा अकरा आठवड्यांचा असताना अचानक गेला आणि 1998 मध्ये दुसरा, आठ आठवड्यांचा. रॉय मेडो हे बालरोगतज्ज्ञांमधलं बडं नाव. आईवरच खुनाचा खटला चालला, तेव्हा त्यांनी कोर्टात सांगितलं की अशा घरात दोन बाळं आपोआप दगावण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक. हा आकडा आला कुठून? एका मृत्यूची शक्यता 8,543 मध्ये एक धरली आणि 8,543 ला 8,543 ने गुणलं, झालं. जणू एकाच आईची, एकाच घरात वाढणारी भावंडं म्हणजे दोन सुटे फासे. शिवाय आईने दोन्ही बाळं मारणंही अतिशय दुर्मीळ, पण तो आकडा ज्युरीपुढे कुणी मांडलाच नाही. 1999 मध्ये चेस्टरच्या कोर्टाने जन्मठेप दिली. पुढे कळलं की धाकट्याच्या अंगात जंतुसंसर्ग दाखवणारे तपासणीचे निकाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पुढे आणलेच नव्हते. 2003 मध्ये ती सुटली. चार वर्षांनी वारली.

आता त्याच चेस्टरच्या हॉस्पिटलमधल्या लूसी लेटबीवरून आमच्या ऑफिसात डबा खाताना भांडणं होतात. सात बाळांच्या खुनासाठी 2023 मध्ये या नर्सला आजन्म कैद झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये डॉ. शू ली यांच्या चौदा तज्ज्ञांनी सांगितलं, खुनाचा वैद्यकीय पुरावा दिसत नाही, मृत्यू नैसर्गिक कारणांनी किंवा हलगर्जी उपचारांमुळे झाले. ती दोषी की निर्दोष यावर मी पैज लावणार नाही, समोर बाळं गमावलेले आईबाप आहेत. मला खटकतो तो ज्युरीला दाखवलेला नर्सेसच्या ड्यूटीचा तक्ता. संशयास्पद घटना पंचवीस, आणि प्रत्येकीपुढे तिच्या नावाची फुली. पण संशयास्पद कुठली ते कुणी ठरवलं, आणि कशावरून?

मामांना सुशांतने त्या सकाळी कुठला ज्यूस घेतला ते तोंडपाठ आहे. पण नाशिक जिल्ह्यातली 2003 ची केस त्यांनी ऐकलीच नव्हती. तिथे खून झालेच होते, प्रश्न एवढाच की कुणी केले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली आणि मार्च 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही. सोळा वर्षांची भरपाई प्रत्येकी 5 लाख. "म्हणजे पुराव्याअभावी सुटले," मामा म्हणाले. आपल्याकडे निर्दोष माणूसही 'सुटतो' आणि वर त्याला संशयाचा 'फायदा' मिळतो. जणू दिवाळीचा बोनस!

इकडे अशा केसेस पुन्हा तपासायला 1997 पासून स्वतंत्र आयोग आहे, आपल्याकडे नाही. पण न केलेल्या बलात्कारासाठी शिक्षा झालेल्या अँड्र्यू माल्किन्सनला याच आयोगाने दोनदा परत पाठवलं आणि तो सतरा वर्षं आत राहिला. तेव्हा कॉलर ताठ करण्यासारखं फार नाही.

मागे मला ज्युरीचं बोलावणं आलं होतं. पासपोर्ट भारतीयच, पण कॉमनवेल्थचे म्हणून आम्ही मतदारयादीत असतो आणि ज्युरी त्याच यादीतून निवडतात. केस साधी हाणामारीची. बंद खोलीत काय बोललो ते सांगणं इथे गुन्हा आहे, पण जज भर कोर्टात म्हणाले ते सांगते: खात्री असेल तरच दोषी म्हणा. 'बहुतेक त्यानेच केलं असेल' एवढ्यावर नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवटी मामांना कोरोनरबद्दल, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल सांगितलं. मृत्यू कसा झाला ते पुराव्यांवरून ठरतच नसेल, तर इथला कोरोनर तसं लिहून मोकळा होतो. मुंबईतही 1999 पर्यंत कोरोनर होता.

मामा विचारात पडले. मागून मामींनी जेवायला हाक मारली.

"ते ठीक आहे गं," फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "पण कुणीतरी केलंच असणार ना?"