जर्मन शिकताना मधे इंग्रजी कशाला?

पदवीला जर्मन घेतलेल्या मुलांच्या वह्या उघडून बघा. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. व्याकरणाचा खुलासा इंग्रजीत, उदाहरणांचं भाषांतरही इंग्रजीत. पाठ्यपुस्तक जर्मन भाषेतलं असतं, त्यात इंग्रजीचा शब्द सहसा नसतो. वर्ग पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला असो किंवा मुंबईत कालिन्याचा, समोरची बरीच मुलं घरी मराठी बोलतात. तरी मधे इंग्रजी येऊन बसते. यात मराठी मुलांचं फार नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. जर्मनमधल्या ज्या गोष्टी इंग्रजीतून समजावायला दोन-दोन तास जातात, त्यातल्या कितीतरी मराठीत आयत्या आहेत.

पहिल्या आठवड्यातली घबराट घ्या. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगं: डेर, डी, दास. टेबलाला कसलं आलंय लिंग, हा प्रश्न इंग्रजीतून विचार केला तरच पडतो. तो चमचा, ती वाटी, ते ताट म्हणताना आपण कधी कारण विचारलं? जर्मन टेबलावरही तसंच: डेर लोफेल म्हणजे चमचा, डी गाबेल म्हणजे काटा, दास मेसर म्हणजे सुरी. नपुंसकलिंग ही कल्पना आपल्याला नवी नाही, ते मूल आणि दास किंट अगदी शेजारी बसतात. मात्र मराठी लिंग जसंच्या तसं उचलून चालत नाही. आपला सूर्य तो, त्यांची झोने ती. म्हणून वहीत नुसतं नाम कधीच लिहू नये. आर्टिकल, नाम आणि अनेकवचन एकत्र लिहावं, आणि तसंच मोठ्याने म्हणावं. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ या प्रत्ययांनी संपणारी नामं स्त्रीलिंगी, ‘शेन’ने संपणारी नपुंसकलिंगी, हे नियम पहिल्याच महिन्यात पाठ करून टाकावेत. जोडशब्दांत शेवटचा शब्द लिंग ठरवतो. दास हाउस आणि डी ट्यूर मिळून डी हाउसट्यूर. आपलं देवघर ‘ते’ असतं ते घरामुळे, देवामुळे नाही. नियम तोच.

मग येते चतुर्थी, म्हणजे डाटिफ. ‘मिर इस्ट काल्ट’ हे इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची दमछाक होते, कारण शब्दशः ते ‘मला थंड आहे’ होतं आणि इंग्रजीत अशी रचनाच नाही. मराठीत? मला थंडी वाजतेय. संपलं. ‘डी शूए गेफालन मिर’ म्हणजे मला हे बूट आवडतात. दोन्हीकडे आवडणारा माणूस चतुर्थीत आणि क्रियापद बुटांच्या मागे. बूट अनेकवचनी म्हणून ‘आवडतात’, तसंच ‘गेफालन’. एकच बूट असेल तर ‘आवडतो’ आणि ‘गेफेल्ट’. ज्या मुलांनी हे ‘लाइक’मधून शिकलेलं असतं ती तिसऱ्या वर्षापर्यंत ‘इश गेफाले’ म्हणत राहतात, आणि त्याचा अर्थ भलताच निघतो: मी आवडतो!

वाक्यरचनेत तर मराठीचं घबाडच आहे. ‘वाइल इश गेस्टर्न क्रांक वार’. एकेक शब्द ठेवून बघा: मी, काल, आजारी, होतो. क्रम हुबेहूब. फक्त आपलं ‘म्हणून’ शेवटी येतं, त्यांचं ‘वाइल’ आधी. ‘दास इश श्विमेन कान’ यात ‘दास’ म्हणजे ‘की’ (आर्टिकल नव्हे) आणि ‘इश श्विमेन कान’ म्हणजे मी पोहू शकतो, पुन्हा तोच क्रम. गौणवाक्यात क्रियापद शेवटी टाकायचं हा नियम आपल्या कानात लहानपणापासून आहे. चूक होते ती मुख्य वाक्यात. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी बसलं पाहिजे: ‘गेस्टर्न वार इश क्रांक’. मुलं लिहितात ‘गेस्टर्न इश वार क्रांक’. ही चूक मराठीतून आलेली नाही. मराठीतून आली असती तर ‘वार’ शेवटी गेलं असतं. ती ‘येस्टरडे आय वॉज’ची सावली आहे. अशा चुका तपासताना ही कुठल्या भाषेची चूक, एवढं समासात लिहायची सवय लावली तर दोन महिन्यांत फरक दिसतो.

बी-२च्या (ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतल्या चौथ्या पातळीच्या) आसपास एक प्रकरण येतं ज्याला सगळे टरकून असतात: नामाच्या आधी येणारं लांबलचक धातुसाधित विशेषण. ‘डेर गेस्टर्न इन बेर्लिन आनगेकोमेने त्सूक’. इंग्रजीत हे वाक्य मोडून ‘जी गाडी…’ असं पुन्हा बांधावं लागतं. मराठीत मोडायची गरजच नाही: काल बर्लिनला पोचलेली गाडी. ‘दास फोन माइनर मुटर गेकोख्टे एसेन’ म्हणजे माझ्या आईने शिजवलेलं जेवण. सरकारी कागद, वर्तमानपत्रं, संशोधनपर लेख, सगळं जर्मन गद्य या रचनेने भरलेलं आहे. ‘-लेला, -लेली, -लेलं’ डोक्यात ठेवून वाचणाऱ्याला ते निम्म्या वेळात उलगडतं. तरी वर्गात त्याची फोड इंग्रजीत करून घेतली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संख्यांचंही तसंच. ‘आइनउंडत्स्वानत्सिश’ म्हणजे आधी एक, मग वीस. आपलं एकवीस. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! एकवीस म्हणणाऱ्याला हा जर्मन आकडा उलटा वाटायचं कारण नाही. श्रवणाच्या परीक्षेत ४७च्या जागी ७४ लिहिलं जातं, ते ‘फोर्टी सेव्हन’ मनात ठेवून ऐकल्यामुळे.

आणि ती छोटी अव्ययं: डोख, या, माल, हाल्ट. शब्दकोशात यांचे अर्थ शोधून काही हाती लागत नाही. ‘कोम माल हेर’ म्हणजे ये जरा इकडे. ‘दास वाइस्ट डू डोख’ म्हणजे तुला माहीत आहे की. हे ‘जरा’, ‘की’, ‘ना’, ‘बरं’, ‘तर’ ज्याच्या बोलण्यात आहेत त्याला डोख शिकवावा लागत नाही, फक्त दाखवावा लागतो. ‘एर सोल राइश झाइन’चं भाषांतर: तो श्रीमंत आहे म्हणे. एका ‘म्हणे’त ‘सोल’चा सगळा भाव आला. आदरार्थी ‘झी’ आणि सलगीचा ‘डू’ यांबद्दल वेगळं काय सांगावं? जर्मनमध्ये त्यांची क्रियापदंही आहेत, ‘झीत्सेन’ आणि ‘डूत्सेन’, आणि मराठीत अहो-जाहो करणं आणि अरे-तुरे करणं आहेच.

मराठी फसवते कुठे, हेही तितक्याच नेमकेपणाने शिकवायला हवं, आणि ते मराठीचं नाव घेतल्याशिवाय शिकवताच येत नाही. सगळ्यात मोठा खड्डा ‘शाळेत’ या शब्दात आहे. मी शाळेत आहे, मी शाळेत जातो: दोन्हीकडे तोच ‘त’. जर्मनमध्ये पहिलं ‘इन डेर शूले’, दुसरं ‘इन डी शूले’, कारण एकदा स्थिती आहे (चतुर्थी) आणि एकदा दिशा (द्वितीया). प्रश्नालाही आपल्याकडे एकच शब्द, ‘कुठे’. त्यांच्याकडे दोन, ‘वो’ आणि ‘वोहिन’. अशी दोन्ही विभक्ती घेणारी शब्दयोगी नऊ आहेत: आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशेन. प्रत्येकाची दोन-दोन वाक्यं म्हणजे अठरा वाक्यं तोंडपाठ असावीत. दुसरा खड्डा ‘ला’चा. मी तुला बघतो, मी तुला मदत करतो. जर्मनमध्ये बघण्याला ‘डिश’ आणि मदतीला ‘डिर’. म्हणून हेल्फेन, डांकेन, ग्लाउबेन, गेहोरेन अशा चतुर्थी घेणाऱ्या क्रियापदांची यादी वेगळी ठेवावी. तिसरं, आपल्याकडे आर्टिकलच नाही, त्यामुळे लिहिताना ती गळतात. निबंध झाल्यावर एक फेरी फक्त नामांची मारावी: प्रत्येक नामावर बोट ठेवायचं आणि आधी काय आहे ते बघायचं.

उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला भोवतं. लिहिताना आपण इ-ई पाळतो, बोलताना फारशी नाही. म्हणून ‘बिटेन’ म्हणजे विनंती करणं आणि ‘बीटेन’ म्हणजे देऊ करणं एकसारखेच ऐकू येतात. वर मी ‘इश’ असं लिहिलं, कारण देवनागरीत त्या ध्वनीला अक्षर नाही. तो ‘श’ नव्हे. ‘ह्या’मधला ‘ह्य’ कुजबुजत म्हटला की त्याच्या अगदी जवळ जाता येतं. तो जमला नाही तर चर्च आणि चेरी यांच्या जर्मन शब्दांत फरकच उरत नाही. उलट ‘त्स’ आपल्याला फुकट मिळालाय: चाक आणि चूल यांतला च. चहातला नव्हे.

या च-मागे भाषेचा इतिहास आहे, आणि विद्यापीठात जर्मन शिकण्याचा खरा आनंद इथे सुरू होतो. दोन, दहा, दात हे शब्द घ्या. इंग्रजीत टू, टेन, टूथ. जर्मनमध्ये त्स्वाय, त्सेन, त्सान. आपल्या द-चा जर्मानिक भाषांत ट झाला आणि पुढे दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत त्या ट-चा त्स. यातली पहिली पायरी परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिमने १८२२मध्ये नियम म्हणून मांडली. वर्णपरिवर्तनाचा तक्ता पाठ करणारा विद्यार्थी आणि दात-टूथ-त्सान स्वतःच्या तोंडाने म्हणून बघणारा विद्यार्थी यांत फार अंतर आहे.

पालकांसाठी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. बी.ए. जर्मन आणि बी-२ प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-२ला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात किमान ६० टक्के लागतात, आणि शून्यापासून तिथे पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. पदवीत भाषेखेरीज साहित्य, भाषाविज्ञान, संस्कृती आणि भाषांतरही असतं. बी-१च्या बळावर काफ्का वाचायला बसलं की वाक्य संपायच्या आत धीर संपतो. मग मुलं इंग्रजी अनुवाद वाचून उत्तरं लिहितात, आणि शेवटच्या क्रियापदापर्यंत ताणून धरलेलं ते वाक्य त्यांना भेटतच नाही. त्यापेक्षा युद्धोत्तर काळातल्या दोन-तीन पानांच्या कथा घ्याव्यात. वाक्यं छोटी, शब्द रोजचे. रोज दहा ओळी थेट मराठीत उतरवाव्यात, इंग्रजीला न विचारता.

ग्रंथालयात जुनी पुस्तकं हाताळताना दोन गोष्टींनी गोंधळ होतो. १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेआधीच्या पुस्तकांत ‘दास’ या उभयान्वयी अव्ययाच्या शेवटी दोन ‘एस’ऐवजी ‘एसत्सेट’ हे अक्षर असतं. आणि १९४०च्या आधीचं बरंच काही फ्राक्टुर लिपीत आहे, त्यात लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. आठवडाभर रोज अर्धं पान मोठ्याने वाचलं की डोळ्यांना सवय होते.

पुढे जर्मनीत गेर्मानिस्टिकमध्ये, म्हणजे जर्मन भाषा-साहित्यात, एम.ए. करायचं तर बहुतेक ठिकाणी टेस्टडाफ या भाषापरीक्षेच्या चारही भागांत चौथी पातळी, किंवा विद्यापीठांच्या डीएसएच परीक्षेत दुसरी पातळी (डीएसएच-२) लागते. नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. ते वेळखाऊ आहे, म्हणून आधी तेच सुरू करावं. तिथे सत्र ऑक्टोबरला आणि एप्रिलला सुरू होतं, आणि सुट्टीत बारा-पंधरा पानांचा हाउसआर्बाइट, म्हणजे घरी करायचा शोधनिबंध, लिहायचा असतो. आपली मुलं तिथे अडतात ती भाषेमुळे कमी आणि प्रश्न न ठरवल्यामुळे जास्त. ‘ब्रेश्ट आणि भारत’ हा विषय पंधरा पानांचा नाही, पंधरा वर्षांचा आहे. जर्मन नाटककार ब्रेश्टचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ बर्लिनला १९२८मध्ये आला आणि पु. लं.नी १९७८मध्ये त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. प्रेक्षकाला थेट उद्देशून म्हटलेलं त्यातलं एकच गाणं घ्या, मूळ जर्मन आणि मराठी ओळी शेजारी ठेवा, आणि एवढंच विचारा: ब्रेश्टला प्रेक्षक आणि नाटक यांच्यात जे अंतर हवं होतं, ते गण-गवळण-बतावणी मुळातच पाहत आलेल्या प्रेक्षकापुढे कसं उभं राहिलं? पंधरा पानं पुरणार नाहीत.